खानदेशच्या पत्त्यावरचा चित्रग्रंथ

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचा पहिला भव्य ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला दोन खंडांत निघाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स हे त्याचे कर्ते. लेणी तेव्हा निजामाच्या हद्दीत असली, तरी ती अजिंठा घाटाखाली, खानदेशच्या बाजूला आहेत. ग्रंथाच्या शीर्षकातही खानदेशचेच नाव आहे.

त्याआधी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांनी १८७२ मध्ये काम नव्याने सुरू केले. पेस्तनजी बोमनजींसारखे कलाशाळेतले विद्यार्थी अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे नकला करत राहिले. या ग्रंथाचे निम्मे श्रेय त्यांचे आहे. १८८५ मध्ये लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत यातल्याही कितीतरी नकला गेल्या.

सोळाव्या लेण्यातल्या मूर्च्छित स्त्रीला ग्रिफिथ्स यांनी ‘मरणासन्न राजकन्या’ म्हटले. रेखाटन फ्लॉरेन्सच्या आणि रंग व्हेनिसच्या चित्रकारांना अधिक चांगले साधले असते, पण भाव याहून उत्कट उतरला नसता, असा त्यांचा अभिप्राय होता. भाव त्यांना अचूक कळला, प्रसंग मात्र निसटला. चित्रातल्या सेवकाच्या हाती मुकुट आहे. पती नंद भिक्षू झाला, हे त्या मुकुटावरून कळताच सुंदरी कोसळते. ही कथा अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात आहे. कथा ठाऊक नसेल, तर मुकुट नुसता दागिना ठरतो. सतराव्या लेण्यातल्या वर्तुळाचेही तसेच झाले. सुरुवातीच्या पाहणाऱ्यांनी ते राशिचक्र मानले. ते बौद्धांचे भवचक्र आहे, हे अभ्यासक वॉडेल यांनी नंतर दाखवले.

युरोपातील प्रबोधनकालीन चित्रांतल्या वस्तूंचा अर्थ त्या काळच्या ग्रंथांत शोधायचा, ही पद्धत एर्विन पॅनॉफ्स्की यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात मांडली. अजिंठ्याच्या अभ्यासकांनी तोच मार्ग जातककथा आणि संस्कृत काव्यांतून काढला. गुलाम याजदानी यांच्या १९३० ते १९५५ दरम्यानच्या ग्रंथाच्या चार भागांत आणि पुढे डीटर श्लिंगलॉफ यांच्या संशोधनात एकेका भिंतीवरची कथा उलगडत गेली.

चित्रे उठून दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांनी नकला करताना लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले आणि मूळ रंगांना बाधले. ही हानी गंभीरच होती. तरीही ग्रिफिथ्स यांच्या कामाचे मोल कमी होत नाही. भिंतीवरून झडून गेलेले काही भाग आज केवळ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या नकलांत आणि या दोन खंडांत उरले आहेत.