पुनरारंभाची ग्वाही : संगणकेतिहासातील एक प्रकरण

कोपर येथे दिवा–वसई लोहमार्ग कल्याण मार्गाच्या वरून जातो. स्थानकाचे नाव एक, वाटा दोन. संगणक पुन्हा सुरू करण्याच्या आज्ञेचा इतिहास असाच आहे. आज्ञा एक, परंतु जुनी वाट न उखडता तिच्यावर नवी बांधली गेली.

जुन्या वाटेचे मूळ १९८२ च्या इंटेल ८०२८६ या प्रोसेसरमध्ये आहे. संरक्षित अवस्थेत शिरलेला हा प्रोसेसर मूळ अवस्थेत परतू शकत नसे. त्यास नव्याने सुरू करणे हाच उपाय होता. आयबीएमने १९८४ च्या पीसी/एटी यंत्रात हे काम चक्क कीबोर्डच्या नियंत्रकाकडे सोपविले! यंत्र सुरू होताच बायॉस एक राखीव बाइट वाचून ही खरी सुरुवात आहे की केवळ परतीचा प्रवास, हे ठरवीत असे. म्हणजे प्रथम विचारणा करणारे फर्मवेअर होते; ऑपरेटिंग सिस्टिमने त्यास विचारण्याचा प्रघात नंतरचा.

तो प्रघात एसीपीआय या १९९६ च्या प्रमाणसंहितेच्या दुसऱ्या आवृत्तीने, २००० साली, घालून दिला. फर्मवेअरने ठेवलेल्या एका तक्त्यात, शून्यापासून मोजता दहावा बिट १ असल्यास पुनरारंभाचे रजिस्टर उपलब्ध आहे असे समजावयाचे. त्याचा पत्ता व त्यात लिहावयाचे मूल्य त्याच तक्त्यात मिळते.

परंतु ग्वाही आणि आचरण यांत अंतर पडले. बिट असूनही काही यंत्रे जागची हलत नसत, आणि दूरच्या खोलीतील सर्व्हर असा अडला की कोणास तरी उठून कळ दाबावी लागे. उत्पादक आपले यंत्र विंडोजवर पारखून घेत. त्यामुळे विंडोज जे करी तोच खरा नियम ठरला, असे आमचे मत आहे. लिनक्स प्रथम कीबोर्डच्या नियंत्रकावरच विसंबून होते व त्याची अपवादांची यादी लांबत चालली होती. २०११ साली मॅथ्यू गॅरेट यांनी विंडोजचे वर्तन पाहून तोच क्रम लिनक्समध्ये आणला : बिट असल्यास रजिस्टर, मग नियंत्रक, पुन्हा रजिस्टर, पुन्हा नियंत्रक. ही पुनरुक्ती प्रमाणसंहितेत शोधून सापडणार नाही. केवळ संहिता वाचणाऱ्या अभ्यासकास ती अनाकलनीयच वाटेल. पुढे या क्रमास ईएफआयच्या सेवेचीही जोड मिळाली. अपवादांची यादी मात्र लिनक्सच्या मूळ संहितेत आजही आहे, एकेका यंत्राच्या नावानिशी.