पेटीत मावलेला चरखा

पेटी चरखा मिटलेला असला की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. लाकडाची बसकी पेटी, तिला पितळी कडी आणि उचलायला मूठ. झाकण उघडलं की तळाशी दोन चाकं आडवी बसवलेली दिसतात, एक मोठं आणि एक लहान. मोठ्या चाकाची माळ लहान चाकाच्या कप्पीवरून जाते आणि लहान चाकाची माळ चातीवरून, म्हणजे सूत जिच्यावर पिळलं आणि गुंडाळलं जातं त्या बारीक सळईवरून. मोठं चाक हातानं एकदा फिरवलं की चाती शंभराच्या आसपास फेरे घेते. जास्तीच्या चात्या ठेवायला कडेला खाच असते. सूत उतरवून लडी करायचा फाळकाही याच पेटीतून निघतो आणि मोठ्या चाकाच्या आसावर बसतो.

मी या चरख्यावर सूत कातते ते सुयांवर विणण्यासाठी. कापसाची एक शाल सध्या सुयांवर आहे, आणि तिच्या पुढच्या भागाचं सूत अजून पेळूतच, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्यांतच आहे. रोज हाताळायची वस्तू असल्यामुळे तिच्या एकेका भागाबद्दल प्रश्न पडत गेले. चाकं आडवी का? दोन का? पेटीच का? या प्रश्नांचा माग काढत गेलं की वाट बरीच मागे जाते.

चरख्याच्या आधी टकळी होती. एक काडी आणि खाली वजनाला चकती, एवढंच साधन. सिंधू संस्कृतीच्या गावांमधून मातीच्या अशा चकत्या मोठ्या संख्येनं मिळाल्या आहेत. मोहेंजोदडोला चांदीच्या एका भांड्याला कापडाचा तुकडा चिकटून राहिला होता. तो कापसाचा आहे हे गुलाटी आणि टर्नर या दोघांनी तपासून ठरवलं, आणि तेही मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. त्यांचं टिपण 1928 सालचं आहे. गिरण्यांसाठी कापसाच्या तंतूंची लांबी आणि ताकद मोजायला उभारलेल्या प्रयोगशाळेत साडेचार हजार वर्षांपूर्वीचा धागा भिंगाखाली गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे नेवाशाला हसमुख सांकलिया यांच्या उत्खननात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजानं मण्यांच्या आतला दोरा जपला होता. गोदावरीच्या खोऱ्यात ताम्रपाषाणयुगात कोणीतरी बसून पीळ भरत होतं, याचा हा पुरावा.

टकळीत मोठी अडचण एकच. फिरकी द्यायची, ओढायचं, थांबायचं, गुंडाळायचं आणि पुन्हा फिरकी द्यायची. चाकानं ही फिरकी अखंड केली. टकळी आडवी करून खुंट्यांत बसवली, तिला माळेनं मोठ्या चाकाशी जोडलं आणि एका हाताला फिरवण्याचं काम दिलं, की झाला चरखा. हे पहिल्यांदा कुठे घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. बगदादमध्ये 1237 साली काढलेल्या चित्रात कातायचं चाक स्पष्ट दिसतं. चरखा भारतात तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास बाहेरून आला, असं इरफान हबीब यांनी मांडलं. विजया रामस्वामी यांना ते मान्य नव्हतं. दक्षिणेतले पुरावे पाहता तो इथे आधीपासून असावा, असं त्यांचं म्हणणं.

हबीब यांच्या युक्तिवादाचा एक मोठा आधार आपल्या दौलताबादशी जोडलेला आहे. इसामी हा कवी मुहम्मद तुघलकाच्या सक्तीच्या स्थलांतरात किशोरवयात दिल्लीहून दौलताबादला आला. त्यानं 1350 साली ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी काव्यग्रंथ पुरा केला. रझिया सुलतानाच्या राज्यकारभाराबद्दल लिहिताना बाईची जागा चरख्यापाशी आहे, अशा अर्थाचं तो लिहून गेला. भारतात चरख्याचा निःसंदिग्ध उल्लेख म्हणून इतिहासकार या ओळींकडे बोट दाखवतात. म्हणजे या वस्तूची आपल्याकडची लेखी नोंद सुरू होते तीच एका राणीला तिची पायरी दाखवताना. नोंद कडवट आहे, पण तिच्यातून एक गोष्ट पक्की कळते. तोवर चरखा इतका घरोघरी झाला होता की बायकांचं काम म्हणून त्याचं नाव सहज तोंडी यावं.

पुढची पाचशे वर्षं चरखा घरात होता आणि त्याच्या रचनेत फारसा फरक पडला नाही. उभं मोठं चाक, जमिनीलगतची पाटली, समोर चाती. बसल्या जागेवरून हलवायची गरज कोणाला नव्हती, म्हणून तो ऐसपैस राहिला.

मग गिरण्या आल्या. लँकेशायरच्या सुतानं हातकताई मारली हे आपण शाळेत शिकतो आणि ते खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत जी गिरणी काढायचं ठरवलं तिच्या नावातच सूतकताई होती. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली ती ऐन कापसाच्या मुलखात. विणकराचा माग टिकला, कारण त्याला गिरणीचं सूत स्वस्त आणि एकसारखं मिळू लागलं. बुडाली ती कातणारी, आणि तिला बुडवण्यात आपल्या गिरण्यांचाही हात होता.

चरखा इतका विसरला गेला की गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्याचा पुरस्कार केला तेव्हा त्यांनी तो पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. भडोचच्या शिक्षण परिषदेत 1917 साली गंगाबेन मजमुदार भेटल्या. चरखा शोधून काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि गुजरातभर हिंडून अखेर बडोदा संस्थानातल्या विजापूरला तो मिळवला. तिथे तो बऱ्याच घरांत होता, फक्त माळ्यावर अडगळीत टाकलेला. पेळू पुरवा, सूत विकत घ्या, आम्ही कातू, असं तिथल्या बायकांनी सांगितलं. पुनरुज्जीवनाची मोठमोठी भाषणं एका पारड्यात आणि हा साधा व्यवहार दुसऱ्यात घातला तर मला दुसरं जड वाटतं. पहिले पेळू आले ते उमर सोबानींच्या गिरणीतून. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी पिंजण शिकले तेही रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून.

इथून पुढे चरख्याच्या वंशात दोन फांद्या फुटल्या. एक वेगाची, दुसरी आटोपशीरपणाची.

वेगाची फांदी आधी सांगते. पाटण्याला 1925 साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. त्या संघानं 1929 च्या जुलैमध्ये सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका, नेता-आणता येण्याजोगा आणि खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालणारा हवा. आठ तासांत त्यावर 12 ते 20 नंबरचं 16,000 वार सूत निघायला हवं. किंमत 150 रुपयांवर जाता कामा नये. वीस वर्षं तो टिकला पाहिजे. सुताचा नंबर म्हणजे एका पाउंडात 840 वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. हिशेब केला तर 20 नंबरच्या सुताचं 16,000 वार म्हणजे जवळजवळ एक पाउंड. तासाला 2,000 वार! साध्या चरख्यावर सरावलेला हात तासाला काहीशे वार काढतो. बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

पेटी चरख्यानं या यादीतली पहिली अट पूर्ण केली आणि दुसरीच्या जवळपासही तो गेला नाही. तो जन्मला तुरुंगात.

मिठाच्या सत्याग्रहानंतर 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना येरवड्याला आणलं. काही काळ काका कालेलकर त्यांच्यासोबत होते. गांधीजी या तुरुंगाला येरवडा मंदिर म्हणत आणि पत्रांवरही तसंच लिहीत. रोजची कताई चालू होती. गांडीव नावाचा एक सुटसुटीत चरखा त्या सुमारास वापरात आला होता, त्यावर ते कातत आणि त्याच्या गुणदोषांबद्दल आश्रमाला कळवत. कोठडीतली जागा थोडी, हातात वेळ भरपूर, आणि सुटका झाली की पुन्हा रेल्वेचा प्रवास. उभं मोठं चाक यांपैकी कशातच बसत नव्हतं. चाक आडवं पाडलं की उंची जाते, पण पेटीत मावायचं तर व्यासही कमी करावा लागतो, आणि व्यास कमी झाला की चातीचे फेरे घटतात. म्हणून मध्ये दुसरं चाक आलं. मोठं चाक लहानाला वेग देतं आणि लहान तो चातीपाशी वाढवून पोचवतं. रचनेचं मर्म या दुसऱ्या चाकात आहे. हा चरखा पुढे येरवडा चक्र म्हणून ओळखला जाऊ लागला. एकट्या माणसाचा शोध म्हणून त्याच्याकडे पाहू नये. आश्रमातले सुतार, कातणारे आणि पत्रांतून सूचना करणारे अशा अनेकांच्या हातांनी तो घडला. पण त्याचा आकार मात्र कोठडीनं ठरवला.

त्याचं सगळं आयुष्य मग हिंडण्यात गेलं. कताई सभेत झाली, रेल्वेच्या डब्यात झाली. गोलमेज परिषदेसाठी 1931 साली ‘राजपुताना’ बोटीनं विलायतेला जातानाही डेकवर कताई सुटली नाही. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी 1946 साली काढलेलं गांधीजींचं जगप्रसिद्ध छायाचित्र आहे, त्यात पुढे उभा चरखा दिसतो. छायाचित्रात उभं चाकच शोभतं हे मान्य. त्यामुळे चरखा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं आणि पेटी दाखवली की ती कसली म्हणून विचारतात.

पुन्हा येरवड्याच्या तुरुंगात असताना 1932 साली गांधीजींचं डावं कोपर दुखू लागलं, तेव्हा त्यांनी पायानं चालवायचा मगन चरखा घेतला. प्रभुदास गांधींनी तो तयार केला होता आणि मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलं होतं. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्यानं धनुष तकलीवर काम केलं. त्यात चाकाऐवजी धनुष्यासारख्या कामट्यानं चाती फिरवतात. हे तेच फ्रिडमन, म्हणजे भारतानंद, जे औंध संस्थानात अप्पा पंतांबरोबर ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात होते आणि ज्यांनी पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची वचनं इंग्रजीत आणली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी झालं. चरख्यांची ही भावंडं पाहायची तर तिथे जावं.

स्वातंत्र्यानंतर वेगाच्या फांदीला सरकारचा पैसा मिळाला. तमिळनाडूतल्या एकंबरनाथांनी अनेक चात्यांचा अंबर चरखा बनवला. द. गो. कर्वे यांच्या समितीनं 1955 साली ग्रामोद्योगांच्या अहवालात त्याची बाजू उचलून धरली. अंबर चरखा वेगवान होता यात शंका नाही. पण तो वेग वाढत वाढत कताई घरातून उठून शेडमध्ये गेली, चात्यांची संख्या वाढली, पुढे त्याला वीज आणि सौरपट्ट्याही लागल्या. त्यात अनेकींची रोजीरोटी आहे आणि तिचं मोल मी कमी मानत नाही. पण गिरणीशी स्पर्धा करायची ठरवली की शेवटी छोटी गिरणीच हाती लागते, असं मला या फांदीकडे पाहून वाटतं.

पेटीची फांदी कोणी वाढवायला घेतली नाही, आणि ती आपली आपण पसरली. गांधीजींनी येरवड्यात वापरलेला एक चरखा फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता. तो 2013 साली इंग्लंडमध्ये लिलावात 1,10,000 पौंडांना गेला. लिलावातल्या किमतीपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की पुस्तकाएवढ्या आकारात मिटणारे हेच चरखे अमेरिकेत आणि युरोपात हौशी कातणारे आज रोज वापरतात. तिथली पायानं चालवायची चाकं लोकरीसाठी घडलेली आहेत. लोकरीचा तंतू लांब असतो, त्याला कमी पीळ पुरतो. कापसाचा तंतू आखूड आणि देशी कापसाचा तर फारच आखूड. त्याला थोड्या लांबीत पुष्कळ पीळ हवा, म्हणजे वेगानं फिरणारी बारीक चाती हवी. तुरुंगातल्या अडचणीतून निघालेलं दुसरं चाक नेमकं तेच करतं.

सुयांवरच्या विणकामाला मात्र या चरख्याच्या इतिहासात कुठेच जागा नव्हती. सुयांचं विणकाम आपल्याकडे युरोपीय लोकांबरोबर आलं आणि मिशनच्या शाळांतून घरात शिरलं. चरख्याचं सूत गेलं ते मागावर. मागावर एकपदरी सूत चालतं, कारण ताण्याला खळ लावतात आणि ताणाबाणा एकमेकांना धरून ठेवतात. सुयांवर तसलं एकपदरी सूत घेतलं की पीळ टाक्यांतून उलगडायला बघतो आणि सगळं विणकाम एका बाजूला कलतं. त्यामुळे दोन तारा घेऊन त्यांना उलट्या दिशेनं एकत्र पीळ द्यावा लागतो. मग लडी पाण्यात उकळायची, म्हणजे पीळ जागच्या जागी बसतो. कापसाला लोकरीसारखी लवचीकता नसते, तेव्हा मनगटाच्या आणि गळ्याच्या पट्ट्या घट्ट विणायच्या, एक नंबर लहान सुयांवर.

दुपदरी पीळ देण्याचं काम पेटी चरख्यावर होतं, पण चातीचं टोक लवकर भरतं आणि कुकडी जाड झाली की सूत घसरू लागतं. म्हणून ते मी टकळीवर करते. टकळीला वजन असतं, तिच्यावर सूत जास्त मावतं आणि दोन तारांवर सारखा ताण राहतो. दख्खनी मेंढीची काळी लोकरही मी तिच्यावरच कातते. ती लोकर राठ आणि आखूड, धनगरांच्या घोंगडीची. तिचं एक जाकीट मागच्या थंडीपासून अर्धवट आहे, पाठ झाली आहे, पुढचे दोन भाग राहिलेत. कापसाच्या शालीचं सूत गुंड्यांत मोजते. एक तार चार फुटांची, 160 तारांची एक लटी आणि चार लटींची एक गुंडी, हे चरखा संघाच्या काळचंच माप. शालीची किनार घालायच्या आधी अजून काही गुंड्या कातायच्या, दुपदरी करायच्या आणि उकळून वाळवायच्या आहेत.