दुर्बलता आणि फलद्रूपता (ख्रिस्ती अध्यात्म)

ख्रिस्ती अध्यात्मातील एकमेकींत गुंतलेल्या दोन संकल्पना. आजार, अपयश, प्रार्थनेतली कोरड, डळमळणारी श्रद्धा या साऱ्यांना दुर्बलता म्हणतात. भक्ताच्या आयुष्यातून इतरांच्या उपयोगी पडेल असे जे निपजते, मग तो स्वभावातला पालट असो, सेवा असो की साक्ष, त्याला फळ म्हणतात. दुर्बलता सरली की फळ धरते, असे उपदेशांतून पुष्कळदा ऐकू येते. नव्या करारात मात्र दुर्बलता असतानाच फळ धरते, आणि ही गोष्ट सर्वांत ठळकपणे मांडली ती पौलाने, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (सु. इ. स. 55–56).

ते पत्र कळायला करिंथ शहर माहीत असावे लागते. रोमनांनी इ. स. पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केलेले हे ग्रीक शहर इ. स. पू. 44 मध्ये ज्यूलियस सीझरने नव्याने वसवले. वसाहतीत गुलामगिरीतून सुटलेल्यांचा भरणा मोठा होता. दोन बंदरांमुळे पैसा खेळत असे, आणि नव्याने वर आलेल्या माणसांना आपले नाव दगडावर कोरून घेण्याची भारी हौस. पदाच्या मोबदल्यात आपण स्वखर्चाने फरसबंदी करून दिली, असे सांगणारा एरास्तस नावाच्या अधिकाऱ्याचा शिलालेख तिथे आजही पाहायला मिळतो. अशा गावात धर्मोपदेशकही वक्तृत्वावर, दिसण्यावर आणि शिफारसपत्रांवर जोखला जाई. पौल पत्रांत मोठा जोरकस, पण समोर आला की फिका, अशी त्याच्याविषयी कुजबुज होती.

पौलाने उत्तरादाखल बढाईच मारली, पण उलटी. यहुद्यांकडून पाच वेळा 39 फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडफेक, तीनदा गलबत फुटणे. यादीच्या शेवटी दिमिष्कातून टोपलीत बसून तटाखाली उतरल्याची नामुष्की. शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्या सैनिकाला रोमन सैन्यात तटाच्या आकाराचा सोन्याचा मुकुट मिळे. पौल सांगतो ते तटावरून उतरल्याचे. काही अभ्यासकांना यात विडंबन दिसते आणि ते पटण्यासारखे आहे. त्यानंतर येतो ‘देहातील काटा’. तो काढावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, पण काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि देवाचे सामर्थ्य दुर्बलतेतच पूर्णत्वास जाते, एवढेच उत्तर त्याला मिळाले.

हा काटा कोणता, यावर भाष्यकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. तर्तुल्यनाने डोकेदुखी वा कानदुखीचा उल्लेख केला, तर क्रिसोस्तमला त्यात पौलाचे विरोधक दिसले. मध्ययुगीन लॅटिन परंपरेने कामवासना गृहीत धरली. गलतीकरांच्या पत्रातील डोळ्यांच्या उल्लेखावरून काहींनी नेत्रविकार ठरवला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॅम्झीने हिवतापाचा तर्क लढवला. पौलाने नाव सांगितले नाही हे एका अर्थी बरेच झाले. त्यामुळे प्रत्येक काळाला आपले दुखणे तिथे ठेवता आले.

फळाची भाषा मुख्यतः शुभवर्तमानांतली. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू द्राक्षवेल आहे, शिष्य फाटे आहेत आणि पिता माळी. फळ न देणारा फाटा तोडला जातो, देणारा छाटला जातो. कोयती दोघांवरही चालते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी पाहिलेल्या नाशिककडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. लूकच्या तेराव्या अध्यायातले अंजिराचे झाड तीन वर्षे वांझ राहते. मालक तोडायला सांगतो; माळी आणखी एक वर्ष मागतो, आळे खणून खत घालीन म्हणतो. पुढे अंजीर आले की नाही, हे लूक सांगत नाही.

फळ मोजायचे कसे, हा प्रश्न पुढे मिशनांना छळत राहिला. गलतीकरांच्या पत्रातील ‘आत्म्याचे फळ’ म्हणजे प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असे नऊ गुण. त्यांचा ताळेबंद निघत नाही. अहवालांत मात्र बाप्तिस्म्यांचे आकडे भरावे लागत. 1813 मध्ये मुंबईत उतरलेला अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1826 मध्ये नाशिकहून परतताना पटकीने वारला, तेव्हा दाखवण्यासारखे धर्मांतर जवळजवळ नव्हते. ज्या मराठी नव्या करारासाठी तो राबला होता, तो त्याच वर्षी छापून निघाला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, पुढची सुमारे आठ वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. आता त्याच वर्षांचा जमाखर्च पाहावा. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. ज्या काळाला त्या स्वतः आध्यात्मिकदृष्ट्या रिता मानतात, त्याच काळात बालविधवांना छप्पर मिळाले. त्यांचे चरित्र सांगणारे 1891 नंतरच्या पालटावर भर देतात आणि आधीच्या वर्षांना उगाचच प्रस्तावना करून टाकतात.

सगळीच कोरड मात्र परंपरेने पवित्र मानलेली नाही. चौथ्या शतकातील वाळवंटी तपस्वी इव्हाग्रिअसने भर दुपारी भिक्षूला ग्रासणाऱ्या उबगाचे वर्णन केले आणि त्याला शत्रू ठरवले. स्पेनमधील योहान ऑफ द क्रॉस याला 1577–78 मध्ये त्याच्याच संघाच्या लोकांनी तोलेदोत कोंडून ठेवले होते. त्याने आत्म्याच्या ‘अंधाऱ्या रात्रीच्या’, म्हणजे पवित्र कोरडीच्या, तीन खुणा दिल्या: देवाच्या गोष्टींत गोडी नाही तशी जगाच्याही नाही, देवाची सेवा आपल्या हातून घडत नाही ही टोचणी कायम, आणि पूर्वीसारखे चिंतन करू म्हटले तरी जमत नाही. आळशाला ती टोचणी नसते, म्हणून दुसरी खूण महत्त्वाची. लिस्यूची तेरेझा (1873–97) शेवटच्या सुमारे दीड वर्षात अशाच अंधारात होती. मठातून कधी मिशनवर न गेलेल्या या तरुणीला 1927 मध्ये मिशनांची आश्रयदाती घोषित करण्यात आले.

या शिकवणीवर आक्षेपही आहेत. नीत्शेला त्यात दुबळ्यांची सूडबुद्धी दिसली. त्याहून नेमका आक्षेप व्हॅलरी सेव्हिंगने 1960 मध्ये घेतला: गर्व हेच मूळ पाप आणि आत्मत्याग हाच उपाय, हे निदान पुरुषांच्या अनुभवावरून बेतलेले आहे; ज्या बाईला स्वत्वच उरू दिलेले नाही, तिला आणखी वाकायला सांगून काय साधणार? 1980 च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी मांडलेल्या दलित ईश्वरविद्येत पिचलेल्यांच्या वाट्याला आलेले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले जाते, पण ते निमूट सोसण्यासाठी नव्हे. मार खाणाऱ्याला पौलाचा काटा दाखवून गप्प बसवणाऱ्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा बाविसावा अध्याय वाचावा: यरुशलेमात फटके मारण्यासाठी बांधले जात असताना पौलाने आपले रोमन नागरिकत्व पुढे केले आणि शिक्षा थांबवली.