किराण्याच्या पोट्ट्याचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं

२२ मार्च आला की फेसबुक मला एक जुना व्हिडिओ पुढे करून देतं. २०२० चा रविवार, संध्याकाळचे पाच. मी गॅलरीत स्टीलची थाळी बडवतोय, बायको घंटी वाजवतेय आणि लेक, तेव्हा अकरा वर्षांची, मधोमध नाचतेय. दरवर्षी मी तो बघतो आणि शेअर न करता पुढे सरकतो. का, ते यंदा लिहून टाकतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी तारखा, कारण आपण भराभर विसरलो. नागपुरात पहिला रुग्ण सापडला ११ मार्च २०२० ला. १३ मार्चला राज्यानं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला तोच. २० तारखेला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आपलं नागपूर बंद करण्याची घोषणा झाली. २२ ला जनता कर्फ्यू आणि २४ च्या रात्री सगळ्या देशाला कुलूप. केंद्राच्या त्या आदेशात काय उघडं राहील याची यादी होती: रेशन दुकान, किराणा, भाजी-फळं, दूध, मटण-मासे, जनावरांचा चारासुद्धा. म्हणजे दुकान यादीत होतं. दुकानातला माणूस कुठं होता, तो आजचा विषय.

साथीत धान्याची काय किंमत असते हे या भागाला माहीत असायला हवं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात देशात ज्या भागांत सगळ्यात जास्त प्रमाणात माणसं मेली, त्यात आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला, धान्य महागलं. तापानं फणफणलेल्या घरात चूल पेटायची पंचाईत. २०२० मध्ये हातावर पोट असलेल्यांचे हाल झालेच, पण माझ्यासारख्या पगारी घरात तुरीची डाळ संपली नाही. कळमना अडखळत का होईना चाललं, इतवारीतून पोती निघत राहिली. ती पोती कोणी उचलली, सुटं सामान कोणी बांधलं आणि आपल्या फाटकापर्यंत कोणी आणलं, हे कुठंच नोंदलेलं नाही. मी बातमीदार. त्या तीन महिन्यांत डॉक्टर, पोलीस, सफाई कामगार यांच्यावर भरपूर लिहिलं. किराण्याच्या नोकरावर एक ओळ नाही.

आता नाचाचं. रोगराई नाचत-ओरडत गावाबाहेर काढणं नागपूरला नवीन नाही. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांतून आपण आजारपण, ईडापीडा सगळं तिच्या गळ्यात घालून हाकलतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये खरी रोगराई दारात होती आणि नेहमीसारखी मिरवणूक काही निघू शकली नाही. नाच घराघरात कोंडला गेला. २८ मार्चपासून दूरदर्शनवर सकाळी नऊला आणि रात्री नऊला रामायण, आणि मधल्या वेळात आमच्या हॉलमध्ये लेकीचा नाच. सोफा भिंतीला सरकवलेला. आईचे गुडघे दुखायचे, ती खुर्चीत बसून हात हलवायची.

लेकीचा गुरू कोण? किराणा आणून देणारा पोट्टा. विशीतला. काकांच्या दुकानात रोजीवर. व्हॉट्सॲपवर यादी टाकली की तासाभरात सायकलीला दोन पिशव्या लटकवून हजर. दुपारी दुकान बंद झालं की हा गोदामात तांदळाच्या पोत्यांमधल्या जागेत नाचायचा आणि टिकटॉकवर टाकायचा. लेकीनं त्याला तिथं शोधून काढलं. एप्रिलच्या सुरुवातीला एकदा तो फाटकाशी उभा असताना ती अंगणात तीच स्टेप करत होती. त्यानं पिठाचं पाकीट खाली ठेवलं, मास्क नीट केला आणि म्हणाला, "डावा पाय पहिले घे ना दीदी, मंग वळ." रस्त्यावरच करून दाखवलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थाळीपेक्षा त्या टाळ्या मला खऱ्या वाटतात.

मग शहरात पहिला मृत्यू झाला. सतरंजीपुरा, मोमीनपुरा सील झाले. त्याची वस्ती सील नव्हती, पण त्या बाजूला होती. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला: काकांना सांगा, त्या पोट्ट्याला पाठवू नका. खाली अंगठेच अंगठे. त्यात एक माझा.

काकांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. रोजीचं काम, गेला नाही तर पैसे नाहीत. वीसेक दिवस तो घरी बसला. त्याचं घर कसं चाललं, मी विचारलं नाही.

नंतर कायदे चाळले तेव्हा कळलं की तो सरकारी कागदावरही नव्हता. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा तेव्हा मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होता. काकांकडे दोन पोट्टे. बाजारातल्या हमालासाठी १९६९ चा माथाडी कायदा तरी आहे, याच्यासाठी काय? केंद्राचा ५० लाखांचा विमा आरोग्य कर्मचाऱ्यांना होता, आणि तो हवाच होता. पण याला पाच हजाराचाही नव्हता. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्येच सरकारच्या तज्ज्ञ समितीनं किराणा दुकानातल्या कामगारांना लशीच्या दुसऱ्या टप्प्यात, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यांसोबत घ्यायला सांगितलं. आपल्याकडे लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. आरोग्यवाले, पोलीस, सफाईवाले, मग साठीपुढचे, मग पंचेचाळीसपुढचे. हा बसला अठरापुढच्यांच्या रांगेत, म्हणजे १ मे नंतर. तीही राज्यात डोस नाहीत म्हणून मेमध्येच थांबली, ती जूनमध्ये पुन्हा सुरू झाली.

आणि त्याच एप्रिलमध्ये, नागपुरात बेड मिळत नव्हते तेव्हा, किराण्याची वेळ होती सकाळी ७ ते ११. दिवसभराची गर्दी चार तासांत. काउंटरच्या पलीकडे हा, लस न घेतलेला. अलीकडे आपण, "लवकर दे बे" म्हणणारे.

तो जून २०२० मध्येच कामावर परतला होता, पण पिशवी फाटकाला टांगून निघून जायचा. लेक वाट बघायची. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि त्याचे गोदामातले व्हिडिओ गेले. माझा थाळीचा व्हिडिओ मात्र दरवर्षी वर येतो.

मागच्या आठवड्यात तो सिग्नलवर भेटला. आता दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्या कंपनीच्या गाडीवर असतो. मी त्या अंगठ्याचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "सोडा ना जी भाऊ, तवा सारेच भेऊन राह्यले होते." मग विचारलं, "दीदी नाचते का अजून?" सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले. उत्तर द्यायचं राहून गेलं. नाचते रे.

तुमच्या गल्लीत त्या दिवसांत सामान कोण आणून देत होतं? आठवत असेल तर कमेंटमध्ये लिहा. पूर्ण नाव नको, हाक मारायचात ते लिहा. आणि आठवत नसेल तर तेही लिहा.