टिकाऊपणाची किंमत : नॉर्थॅम्प्टनचा चामडी बूट आणि त्याचे कारागीर

प्रस्तावना

चामड्याच्या उत्तम बुटाचे वर्णन करताना ‘हाताने घडविलेला’, ‘परंपरागत’ आणि ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा’ ही तीन विशेषणे हमखास वापरली जातात. यांपैकी तिसऱ्यात अतिशयोक्ती आहे, दुसरे अर्धसत्य आहे आणि पहिले बहुतेक वेळा चुकीचेच असते. ज्याला आज ‘क्लासिक’ म्हटले जाते तो इंग्लिश बूट, म्हणजे जाड तळव्याचा, कडेने ठसठशीत शिवण दिसणारा आणि तळवा झिजल्यावर नवा बसवून घेता येणारा बूट, हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील यंत्रांचे व कारखान्याचे अपत्य होय. त्याचे प्रमुख उत्पत्तिस्थान इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन शहर व त्याभोवतीचा नॉर्थॅम्प्टनशायर परगणा. तेथील चर्मकारांनी आरंभी यंत्रास कडाडून विरोध केला, पुढे त्याच यंत्राभोवती आपली संघटना उभी केली आणि बुटाचा दर्जा व तो घडविणाऱ्याची मजुरी या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू असल्याचे सरकारला बजावले. प्रस्तुत निबंधात या बुटाचा इतिहास त्या अंगाने पाहिला आहे.

कातडे, साल आणि गाव

नॉर्थॅम्प्टन नेन नदीच्या काठी वसले आहे. परिसरात गुरांचे कळप, ओकची जंगले आणि मुबलक पाणी होते. कातडे कमावण्याला याहून अधिक काही लागत नाही. केस काढलेली जाड कातडी ओकच्या सालीच्या अर्कात, एकापेक्षा एक अधिक तीव्र अशा हौदांतून महिनोन्‌महिने भिजत ठेवली जात. तळव्याच्या चामड्याला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. डेव्हनमधील कॉलिटन येथे ही पद्धत अद्यापही चालू आहे. सालीतील टॅनिन कातड्याच्या तंतूंत सावकाश मुरल्यामुळे ते घट्ट होते, सहसा कुजत नाही आणि वापरणाऱ्याच्या पावलाचा आकार हळूहळू धारण करते. बुटाच्या दर्जाचा मोठा हिस्सा अशा रीतीने शिवणकाम सुरू होण्यापूर्वीच ठरलेला असे. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ याने अमेरिकेत क्रोमक्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर महिन्यांचे काम दिवसांवर आले. बुटाच्या वरच्या भागासाठी हे मऊ चामडे सर्वत्र रूढ झाले, तरी चांगल्या तळव्यासाठी सालीने कमावलेले चामडेच पसंत केले जाई.

शहराची कीर्ती लष्करी मागणीतून वाढली. १६४२ मध्ये टॉमस पेंडल्टन व त्याच्या सहकारी चर्मकारांना आयर्लंडला जाणाऱ्या सैन्यासाठी ४,००० जोड जोडे व ६०० जोड बूट पुरविण्याचे काम मिळाले. माल गेला, पण पैशांसाठी त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले. सरकार हे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आणि सर्वांत नाठाळ देणेकरी, हा अनुभव या गावाला पुढेही वारंवार आला.

घर हेच कार्यशाळा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारी आपल्या वखारीत फक्त चामडे कापून घेत असे. कापलेले तुकडे घरोघर दिले जात. बायका व मुले वरचा भाग शिवत. पुरुष लाकडी साच्यावर तो ताणून आरी व मेण लावलेल्या दोऱ्याने तळवा जोडत. मजुरी जोडामागे ठरे. काम केव्हा करावे हे कारागीर स्वतः ठरवी. सोमवारी सुटी घेण्याची रीत तर इतकी रुळली होती की तिला ‘संत सोमवार’ असे थट्टेचे नाव पडले होते. या स्वातंत्र्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. आठवडाअखेर राहिलेले काम रात्री जागून पुरे करण्यात घरातील लहान मुलेही भरडली जात.

१८५० च्या दशकात वरचा भाग शिवणारी यंत्रे आली, आणि यंत्रामागोमाग कारखाना येणार हे कारागीरांनी ताबडतोब ओळखले. १८५७ ते १८५९ या काळात नॉर्थॅम्प्टन व स्टॅफर्ड येथे यंत्राविरुद्ध संप झाले. त्याच काळात मॅनफील्ड या उत्पादकाची भव्य इमारत शहरात उभी राहत होती. संप फसला व यंत्र राहिले. या विरोधाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु कारागीरांचा रोख सुईपेक्षा तिच्यामागून येणाऱ्या शिस्तीवर आणि मजुरीच्या घसरणीवर होता, हे पुढील घटनांवरून दिसून येते.

यंत्राने केलेली हातशिलाईची नक्कल

तळवा जोडण्याचे काम अधिक अवघड होते. लायमन ब्लेक या अमेरिकनाने १८५८ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते आतला तळवा, वरचे चामडे आणि बाहेरचा तळवा यांतून आरपार टाका घेई. अमेरिकन यादवी युद्धात या तंत्राने सैनिकांसाठी प्रचंड प्रमाणात बूट तयार झाले. टाका आरपार असल्याने ओल आत शिरण्याचा धोका राही. शिवाय तळवा बदलताना आतल्या तळव्यातून पुन्हा सुई घालावी लागे व प्रत्येक दुरुस्तीगणिक तो दुबळा होई.

हातशिलाईतील जुनी युक्ती याहून सरस होती. तीत बुटाच्या कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी, म्हणजे वेल्ट, फिरविलेली असते. आतल्या तळव्याच्या खालच्या बाजूस उभी कड ठेवतात. पहिल्या शिवणीने ही कड, वरचे चामडे व वेल्ट एकत्र जोडले जातात. मधल्या पोकळीत बुचाचा चुरा आणि कमानीच्या आधारासाठी लाकडाची वा पोलादाची पट्टी बसवितात. मग दुसऱ्या शिवणीने बाहेरचा तळवा केवळ वेल्टला जोडला जातो. तळवा झिजला की ही दुसरी शिवण उसवायची, नवा तळवा लावायचा. आतला तळवा व वरचे चामडे यांना हात लागत नाही. पायाच्या भाराने बुचाचा थर दबतो, त्यामुळे जुना बूट नव्यापेक्षा सुखकर वाटतो. टिकाऊपणाचे मर्म येथे आहे. बूट अभेद्य नसतो. त्याचा जो भाग सर्वांत आधी झिजणार तो सुटा करून ठेवलेला असतो.

वेल्ट शिवण्यासाठी वक्र सुईची गरज होती. ऑगस्ट डेस्टुई याच्या वक्र सुईच्या यंत्रात रबराच्या व्हल्कनीकरणाबद्दल ख्यातनाम असलेल्या चार्ल्स गुडइअर यांच्या त्याच नावाच्या पुत्राने इतरांच्या साहाय्याने सुधारणा घडविल्या. १८७० च्या दशकात हे यंत्र व्यवहार्य झाले, आणि ‘गुडइअर वेल्ट’ हे नाव कायम झाले. कुशल कारागीराला जे काम करायला काही तास लागत ते आता मिनिटांत होऊ लागले. नॉर्थॅम्प्टन परिसरातील आज नामांकित असलेल्या अनेक पेढ्या याच काळातल्या आहेत : चर्च १८७३, क्रॉकेट अँड जोन्स १८७९, केटरिंगची लोक १८८०. ‘परंपरा’ म्हणून जे विकले जाते त्याचे वय एवढेच आहे.

संघटना, मतपेटी आणि मोर्चा

कारखाना अटळ आहे हे पटल्यावर कारागीरांच्या संघटनेने चमत्कारिक वाटेल अशी भूमिका घेतली. घरकामातून होणारी मजुरीची कुतरओढ थांबविण्यासाठी सर्व काम कारखान्याच्या छपराखालीच व्हावे, असा आग्रह आता कामगारच धरू लागले. ज्यांच्या वडिलांनी यंत्राविरुद्ध संप केला होता त्यांची ही मागणी होती. १८९५ च्या मार्च–एप्रिलमध्ये मालकांनी देशव्यापी टाळेबंदी पुकारली. सुमारे ४६,००० कामगार तीत सापडले. व्यापार मंडळाच्या मध्यस्थीने झालेल्या तडजोडीत यंत्रांच्या वापरावर बंधने घालण्याचा हक्क संघटनेला सोडावा लागला आणि करारपालनाची हमी म्हणून दोन्ही पक्षांनी प्रत्येकी १,००० पौंड अनामत ठेवले.

याच चर्मकार मतदारांनी नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ यांना १८८० मध्ये पार्लमेंटवर पाठविले. शपथेच्या वादावरून सभागृहाने त्यांना बसू दिले नाही, तेव्हा शहराने त्यांनाच पुन्हा पुन्हा निवडून दिले. १८८६ मध्ये सभागृह नमले. हेच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास उपस्थित होते. हिंदुस्थानचा पक्ष मांडल्यामुळे ‘हिंदुस्थानचे सभासद’ असे ज्यांना म्हटले गेले, त्यांचा मतदारसंघ बूट शिवणाऱ्यांचा होता, ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

सर्वांत बोलका प्रसंग १९०५ चा. रॉन्ड्स या लहानशा गावात लष्करासाठी हातशिलाईचे बूट तयार होत. सरकारी कंत्राटात रूढ दराने मजुरी दिली जावी, असा ठराव कॉमन्स सभेने १८९१ मध्येच केला होता. प्रत्यक्षात कमीत कमी किमतीची निविदा स्वीकारली जाई आणि तूट कारागीराच्या दरातून भरून काढली जाई. संप सुरू झाला. मे महिन्यात जेम्स ग्रिबल या माजी सैनिकाच्या नेतृत्वाखाली निवडक ११५ कामगार बँडसह, लष्करी शिस्तीत, पायी लंडनकडे निघाले. वाटेत गावोगाव त्यांचे स्वागत झाले. युद्धमंत्र्यांची भेट मात्र मिळेना. तेव्हा ग्रिबलने कॉमन्स सभेच्या प्रेक्षक सज्जातून भाषण सुरू केले व त्याला बाहेर काढण्यात आले. अखेर चौकशी होऊन दरांबाबत समझोता झाला. सैनिकाचे बूट शिवणारे आपल्या तक्रारीसाठी स्वतःच पायपीट करीत राजधानीत जातात, यातील उपरोध तत्कालीन वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

तरवडाची साल

पहिल्या महायुद्धात नॉर्थॅम्प्टनशायरने सैन्यांना कोट्यवधी जोड बूट पुरविले. त्यांच्या वरच्या भागासाठी लागणाऱ्या चामड्याचा महत्त्वाचा साठा हिंदुस्थानातून, मुख्यतः मद्रास प्रांतातून जात होता. तेथील लहान चणीच्या गुरांची कातडी तरवडाच्या सालीने अर्धवट कमावून निर्यात होई व इंग्लंडमध्ये तिच्यावर अंतिम प्रक्रिया होई. महाराष्ट्राच्या माळरानावर उगवणारे पिवळ्या फुलांचे हे झुडूप फ्लँडर्सच्या चिखलातील बुटांपर्यंत अशा रीतीने पोहोचले होते. रॉन्ड्सच्या कारागीराला निदान पार्लमेंटच्या सज्जापर्यंत जाता आले. हिंदुस्थानातील कातडे कमावणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मजुराच्या दराची चर्चा त्या सज्जाखाली होणे दूरच राहिले. ‘इंग्लिश’ बुटाच्या बहुतेक गौरवगाथांत हा माणूस नसतो.

उत्तरार्ध

दुसऱ्या महायुद्धानंतर डिंकाने चिकटविलेले तळवे, कृत्रिम रबर आणि आयात माल यांनी जुन्या धंद्याला ग्रासले. बहुसंख्य कारखाने बंद पडले. जे उरले ते महाग मालाकडे वळल्यामुळे उरले. १ एप्रिल १९६० रोजी वोलॅस्टन गावात ग्रिग्ज कंपनीने जर्मन डॉक्टर क्लाउस मार्टेन्स यांच्या हवायुक्त तळव्याचा बूट काढला. तो पोस्टमन व कामगार यांच्यासाठी होता. पुढे बंडखोर तरुणांनी तो आपलासा केला आणि २००३ मध्ये त्याचे बहुतांश उत्पादन आशियात गेले. चर्च ही पेढी १९९९ मध्ये इटलीच्या प्राडाने घेतली. हीच प्राडा जून २०२५ मध्ये मिलान येथे कोल्हापुरी वळणाच्या चपला नाव न घेता सादर करून टीकेची धनी झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिने महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

नॉर्थॅम्प्टनमधील उरलेल्या कारखान्यांत दुरुस्तीचा स्वतंत्र विभाग असतो. परत आलेला जुना बूट मूळ साच्यावर पुन्हा चढवितात, जुनी शिवण उसवतात, दबून चपटे झालेले बूच खरवडून काढतात व नवा थर भरतात. वेल्ट फाटली असेल तर तीही बदलतात. मग नवा तळवा बसतो आणि बूट गिऱ्हाइकाकडे परत जातो.