रस्त्याकाठची नवलाई

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले नि राजवाडे उभे राहतात. पण अमेरिकेत हमरस्त्याकाठी मांडलेल्या भडक, ओबडधोबड नवलाईलाही इतिहास आहे बरे! तिथल्या एका पिढीच्या मोटारप्रवासाच्या आठवणी अशा थांब्यांभोवतीच घोटाळतात.

दक्षिण डकोटातले वॉल हे गाव घ्या. १९३१ साली टेड व डोरोथी हस्टेड या दांपत्याने तेथे औषधांचे दुकान घेतले. दिवस मंदीचे; गिऱ्हाईक फिरकेना. मोटारी मात्र गावाजवळून धडधडत पुढे जात. १९३६ च्या उन्हाळ्यात डोरोथीबाईंना युक्ती सुचली. ‘बर्फाचे पाणी फुकट’ अशा पाट्या रस्त्यावर लागल्या आणि तहानलेले प्रवासी थांबू लागले! पुढे तर त्या दुकानाने ८० फुटी डायनासोरही उभा केला.

ॲरिझोनातल्या हॉलब्रुकला १९५० मध्ये सिमेंटच्या १५ राहुट्यांचे मुक्कामघर निघाले. नक्कल मूळ रहिवाशांच्या तंबूंची, नि नाव मात्र दुसऱ्याच जातीच्या झोपडीचे! १९५६ च्या कायद्याने रुंद महामार्ग आले, गावे बाजूला पडली, थांबण्याची सवय मोडली. हे मुक्कामघरही १९७४ मध्ये बंद झाले. १९८८ मध्ये मालकाच्या मुलांनी ते पुन्हा उघडले.

तुम्ही म्हणाल, ही सारी गल्ला भरण्याची करामत. खरेच आहे. पण छोट्या गावांतली कुटुंबे त्यावर जगली, हाही इतिहासच नव्हे काय? तेव्हा अशी नवलाई दिसली, तर हसा जरूर. पण ती कोणी, कोणत्या साली आणि कोणत्या अडचणीत उभारली, एवढे विचारून मग पुढे जा.