कृपा आणि होकार

चंदनसारहून दक्षिणेस वसईच्या किल्ल्यात गेले की येशूसंघीयांच्या आणि डॉमिनिकनांच्या वास्तूंचे भग्नावशेष एकाच तटबंदीत दिसतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये याच दोन संघांत एक कडवा वाद पेटला होता. तारणासाठी परमेश्वरच माणसाची निवड करीत असेल, तर माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला अर्थ काय?

आरंभ कृपेचा, परंतु माणूस तिला नकार देऊ शकतो, ही ट्रेंट परिषदेची १५४७ ची शिकवण दोघांनाही मान्य होती. येशूसंघीय मोलिना यांनी १५८८ च्या ग्रंथात मांडले, की कोणत्या परिस्थितीत कोण काय निवडील, हे देव आधीच जाणतो. डॉमिनिकन बान्येझ म्हणाले, ती निवडही देवाच्याच प्रेरणेने घडते, तरीही ती स्वतंत्रच असते. प्रकरण रोमला गेले. १६०७ मध्ये पोप पाचवे पौल यांनी कोणत्याही पक्षाला पाखंडी ठरवले नाही. परस्परांना तसा दोष देण्यासही मनाई केली.

हा वाद चालू असतानाच, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले. येशूसंघीयांचे साहाय्यक, मग व्यापारी आणि अखेर मनिलात फ्रान्सिस्कन बंधू, असा त्यांचा प्रवास. पाचारण देवाचे होते. होकार मात्र त्यांनाच द्यावा लागला.

देव कुणालाही विनाशासाठी नेमत नाही, हेही ट्रेंटने स्पष्ट केले आहे. म्हणूनच वाट चुकलेल्या लेकराविषयी ‘त्याच्या नशिबातच नव्हते’ असे म्हणून आशा सोडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.